गळके छप्पर आणि नवे स्टेडियम





यंदाच्या वादविवाद स्पर्धेचा विषय मुलांनीच निवडला होता, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. दरवर्षी आम्ही शिक्षक विषय देतो आणि मुले तो निमूटपणे पाठ करून येतात. 'विज्ञान : शाप की वरदान' किती वेळा ऐकायचे? म्हणून यंदा नववी-दहावीला म्हटले, तुम्हीच सुचवा. त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या आणि निघाले काय, तर 'मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल संघाने नवे स्टेडियम बांधावे काय?'

काही पालकांनी नंतर विचारले, "मॅडम, इंदुरात बसून मँचेस्टरचा विचार कशाला?" मलाही आधी तसेच वाटले होते. पण राजवाड्यावरून आणलेल्या लाल जर्सी घालून अर्धी शाळा रविवारी मैदानावर दिसते, तेव्हा तो संघ आता मुलांचाही झाला आहे असेच म्हणावे लागते. स्पर्धा छान रंगली. हात वर करून मत घेतले, तेव्हा 'बांधावे' हा पक्ष मोठ्या फरकाने जिंकला. मी परीक्षक होते, म्हणून त्या दिवशी माझे मत सांगितले नाही. माझे मत उलट आहे. ते इथे मांडते.

(एक खुलासा आधीच करते. माझे सारे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. घरात मराठी, बाहेर हिंदी. माझ्या तोंडून अजूनही कधी कधी 'तो मैदान' निघून जाते आणि सातवीची मुले तोंडावर हात ठेवून हसतात. हा मजकूर मराठीच्या बाईंनी तपासला आहे. चुका उरल्या असतील तर माझ्या.)

प्रथम प्रकरण काय आहे ते सांगते, कारण विश्वस्त मंडळींपैकी सर्वच जण फुटबॉल पाहत नाहीत. हा संघ १८७८ साली न्यूटन हीथ इथल्या रेल्वे कारखान्यातील कामगारांनी सुरू केला. १९०२ मध्ये तो दिवाळखोरीच्या दारात असताना जॉन हेन्री डेव्हिस नावाच्या मद्य-उत्पादकाने वाचवला आणि तेव्हाच त्याला आजचे नाव मिळाले. ओल्ड ट्रॅफर्ड हे स्टेडियम डेव्हिस यांच्याच पैशाने उभे राहिले. तिथला पहिला सामना १९ फेब्रुवारी १९१० रोजी झाला आणि युनायटेड तो लिव्हरपूलकडून ३-४ असा हरले. मार्च १९४१ मध्ये जर्मन बॉम्बनी ते मैदान उद्ध्वस्त केले. १९४९ पर्यंत युनायटेडला घरचे सामने मँचेस्टर सिटीच्या, म्हणजे गावातल्याच प्रतिस्पर्ध्याच्या, मैदानावर खेळावे लागले. १९५८ च्या फेब्रुवारीत म्युनिकच्या विमान अपघातात २३ माणसे गेली, त्यांत संघाचे ८ खेळाडू होते. त्या दिवसाचे स्मारक म्हणून लावलेले घड्याळ ओल्ड ट्रॅफर्डच्या भिंतीवर आहे. सुमारे ७४ हजार माणसे तिथे बसतात. इंग्लंडमधल्या कोणत्याही क्लबच्या मैदानापेक्षा हा आकडा मोठा आहे.

आता प्रस्ताव. क्लबने एक समिती नेमली. जुने मैदान वाढवून सुमारे ८७ हजारांचे करावे की शेजारी १ लाखाचे नवे बांधावे, असे दोन मार्ग पुढे आले. मार्च २०२५ मध्ये क्लबने नव्याच्या बाजूने कौल दिला. खर्चाचा अंदाज २०० कोटी पौंड, म्हणजे आपल्या २२ हजार कोटी रुपयांहून जास्त. नकाशा केला नॉर्मन फॉस्टर यांच्या कंपनीने. जगप्रसिद्ध वास्तुविशारद, आणि त्यांचे बालपणही मँचेस्टरमध्येच गेलेले. चित्रात तीन उंच खांब आणि त्यांवर ताणलेले प्रचंड छत्र आहे. आमच्या दहावीतल्या एकाने ते चित्र प्रोजेक्टरवर दाखवले, तेव्हा सभागृहात "अरे वा" असा आवाज झाला. वाद तिथेच अर्धा जिंकला गेला, असे मला वाटते.

'बांधावे' पक्षाचा सर्वांत जोरदार मुद्दा मात्र एका व्हिडिओचा होता. मे २०२४ मध्ये आर्सेनलविरुद्धचा सामना संपता संपता मोठा पाऊस आला आणि ओल्ड ट्रॅफर्डच्या छपराच्या कोपऱ्यातून धबधबा कोसळू लागला. खाली खुर्च्या, पायऱ्या, सगळे चिंब. तो धबधबा जगभर पाहिला गेला. मुलगा म्हणाला, "ज्या क्लबचे छप्पर गळते, त्याने नवे घर बांधू नये तर काय करावे?" टाळ्या पडल्या.

मी परीक्षकाच्या खुर्चीत बसून वर पाहिले. आपल्या सभागृहाच्या मागच्या ओळीवर, जुन्या इमारतीच्या बाजूला, ओलीचा नकाशा उमटलेला होता. दर आषाढात उमटतो. जुन्या इमारतीवर कवेलू आहेत (पुण्याहून आलेल्या आमच्या एका पाहुण्या कौले म्हणतात, आणि आपण कवेलू म्हणतो याची त्यांना गंमत वाटते). माकडे उड्या मारतात, कवेलू सरकतात, पाणी येते. मे महिन्यात माणूस चढवून ती सारखी करून घेतली तर पावसाळा बरा जातो. एखाद्या वर्षी तो खर्च 'पुढच्या वर्षी बघू' झाला, की ऑगस्टमध्ये सहावी 'ब'चा वर्ग व्हरांड्यात भरतो. हे विश्वस्तांना मी नव्याने सांगायला नको.

छप्पर गळते म्हणजे इमारत निकामी झाली असे नाही. त्या छपराकडे कुणी वेळेवर पाहिले नाही, एवढेच त्यातून कळते. म्हणून त्या मुलाने विचारायला हवा होता तो प्रश्न वेगळा होता : इतक्या श्रीमंत क्लबच्या छपराला ही वेळ का आली? पैसा गेला कुठे?

त्याचे उत्तर गुपित नाही. २००५ पर्यंत युनायटेडवर कर्ज नव्हते. त्या वर्षी अमेरिकेतील ग्लेझर कुटुंबाने क्लब सुमारे ७९ कोटी पौंडांना विकत घेतला आणि त्यातला मोठा भाग कर्जाऊ होता. ते कर्ज क्लबच्याच खात्यावर चढवले गेले. म्हणजे घर विकत घेणाऱ्याने हप्ते घराला भरायला लावले! पालकांपैकी जे बँकेत आहेत त्यांनी मुलांना हा व्यवहार जरूर समजावून सांगावा. तो कायद्यात बसणारा होता, आणि म्हणूनच समजून घेण्यासारखा आहे. पुढे वर्षानुवर्षे कोट्यवधी पौंड व्याजात गेले, मालकांना लाभांशही मिळत राहिला. ओल्ड ट्रॅफर्डचे शेवटचे मोठे बांधकाम २००६ मध्ये झाले, तेव्हा कोपरे भरून जागा वाढवल्या. त्यानंतर तसे मोठे काम झालेच नाही.

डागडुजीची एक अडचण आहे, ती मी एकोणीस वर्षे या खुर्चीवरून पाहते आहे. नव्या खोलीसाठी देणगीदार मिळतो, कारण दारावर आई-वडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी लागते. सरकलेल्या कवेलूवर कुणाच्या नावाची पाटी लावणार? गटाराच्या दुरुस्तीचे उद्घाटन कोण करणार? मला यात देणगीदारांना दोष द्यायचा नाही. त्यांच्या पाट्यांमुळेच आपली प्रयोगशाळा उभी आहे. पण स्टेडियमच्या बाबतीत जगभर हेच चालते असे दिसते.

नव्या बाजूची जी भाषणे चांगली होती त्यांतले दोन मुद्दे मला मान्य आहेत. पहिला असा, की ओल्ड ट्रॅफर्डच्या दक्षिणेच्या स्टँडला खेटून रेल्वेचे रूळ जातात, म्हणून त्या बाजूने वाढ करणे खरोखर कठीण आहे. दुसरा सुरक्षिततेचा. ११ मे १९८५ रोजी ब्रॅडफर्ड या गावी लाकडी स्टँडला आग लागून ५६ माणसे मेली. खाली वर्षानुवर्षे साचलेला कचरा पेटला होता. ते स्टँड बदलायचे ठरलेही होते. त्या हंगामाचा तो शेवटचा सामना. अशा ठिकाणी जुने जपा म्हणून हट्ट धरणारा माणूस गुन्हेगार ठरेल. ओल्ड ट्रॅफर्ड तसे धोकादायक आहे असे मात्र स्पर्धेत कुणी म्हणाले नाही, आणि क्लबच्या समितीपुढे दुरुस्तीचा मार्ग होता याचाच अर्थ ते दुरुस्त होऊ शकते.

तिसरा मुद्दा रोजगाराचा होता. प्रकल्पामुळे ९२ हजार नोकऱ्या आणि १७ हजार घरे उभी राहतील, असे क्लबने सांगितले. मुलांनी आकडे पाठ केले होते. आता मँचेस्टर आणि इंदूर यांचे एक नाते आहे, ते कापसाचे. आपल्याही शहराचा एक भाग गिरण्यांच्या भोंग्यावर उठत होता आणि माझे वडील त्यातल्याच एका गिरणीत कारकून होते. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली, आणि तिच्या कामगारांची थकलेली देणी मिळाली डिसेंबर २०२३ मध्ये. बत्तीस वर्षांत किती जण वाट पाहत गेले असतील! तेव्हा बंद कारखान्यांच्या परिसरात काय काय फुलणार आहे याची चित्रे इंदूरकराने जरा चष्मा पुसून पाहावीत. नोकऱ्या येतीलही. पण बांधकामाची तारीख ठरण्याआधी सांगितलेला आकडा आशेचा असतो, हिशेबाचा नव्हे.

दुसऱ्या संघांचे काय झाले हे मुलांनी नीट शोधले नव्हते, म्हणून थोडे सांगते. लंडनचा आर्सेनल २००६ मध्ये हायबरी सोडून ६० हजारांच्या नव्या स्टेडियममध्ये गेला. खर्च सुमारे ३९ कोटी पौंड. कर्ज फेडताना चांगले खेळाडू विकावे लागले. त्यातला रॉबिन व्हान पर्सी २०१२ मध्ये युनायटेडकडेच आला, हे लाल जर्सीवाल्यांना आठवत असेल. २००५ ते २०१४ मध्ये त्यांना एकही चषक मिळाला नाही. हायबरीच्या जागी आज सदनिका आहेत. लिव्हरपूलनेही नव्या स्टेडियमचे नकाशे केले होते. मग ते गुंडाळून २०१२ मध्ये अ‍ॅनफिल्डच वाढवायचे ठरवले. २०१६ ला एक बाजू, नंतर दुसरी, आणि आता तिथे सुमारे ६१ हजार बसतात. मधल्या काळात ते जिंकतही राहिले. मात्र हेही सांगितले पाहिजे की अ‍ॅनफिल्डच्या वाढीसाठी आजूबाजूच्या गल्ल्यांतली घरे पाडली गेली आणि त्याआधी ती वर्षानुवर्षे ओसाड पडून होती. दुरुस्ती म्हणजे नेहमी पुण्यकर्म असे नाही.

मला सर्वांत अवघड उदाहरण एव्हर्टनचे वाटते. तेही लिव्हरपूलचेच, पण निळे. १८९२ पासून ते गुडिसन पार्कवर खेळत होते. कोपऱ्यावर चर्च, चहूबाजूंनी कामगारांची घरे, अडचणीच्या लाकडी बाकांचे जुने स्टँड. तीन वेळा त्यांनी हलायचा प्रयत्न केला. एकदा पैसे जमले नाहीत, एकदा सरकारने परवानगी नाकारली, तिसऱ्या खेपेस नदीकाठच्या ब्रॅम्ली-मूर गोदीत काम सुरू झाले. गोदी १८४८ ची. ती बुजवायला समुद्रतळाची वाळू उपसून आणली. जुलै २०२१ मध्ये युनेस्कोने लिव्हरपूलचे नाव जागतिक वारशाच्या यादीतून काढले, त्याच्या कारणांत हे स्टेडियमही होते. २०२३-२४ च्या हंगामात आर्थिक नियम मोडल्याबद्दल संघाचे एकूण ८ गुण कापले गेले आणि स्टेडियमच्या कर्जाचे व्याज कोणत्या खात्यात धरायचे हा त्या वादातला एक मुद्दा होता. मालकही बदलला. एवढे सोसून मे २०२५ मध्ये पुरुष संघाचा गुडिसनवरचा शेवटचा सामना झाला आणि ऑगस्टमध्ये नव्या ठिकाणचा पहिला लीग सामना त्यांनी ब्रायटनविरुद्ध २-० जिंकला. जवळजवळ ५३ हजार जागा.

मी 'बांधू नये' म्हणते खरी, पण एव्हर्टनच्या बाबतीत मला तसे म्हणता येत नाही. गुडिसनला वाढायला जागाच नव्हती. एकीकडे चर्च, तिन्हीकडे रस्ते. आणि गुडिसन पाडायचे ठरले होते तेही बदलले. ते आता महिला संघाला दिले आहे. आमच्या मुलींच्या संघाची कॅप्टन हे ऐकून म्हणाली, "म्हणजे जुने आम्हाला?" तिला काय उत्तर द्यावे हे मला सुचले नाही. पण पुरुष संघासाठी शंभराहून अधिक वर्षे सजवलेले मैदान मुलींचे स्वतःचे घर होते, हे लहान नाही, असे मला वाटते. तिला वाटत नसेल.

आता माझ्या विरोधाचे खरे कारण. २०२४ च्या हिवाळ्यात, हंगाम अर्ध्यावर असताना, युनायटेडने घरच्या सामन्यांची सदस्यांसाठी उरलेली तिकिटे सरसकट ६६ पौंडांची केली. सुमारे सात हजार रुपये. लहान मुलांना सवलत नव्हती, वृद्धांना सवलत नव्हती. त्याच सुमारास शेकडो कर्मचाऱ्यांना कामावरून कमी केले. क्लबचा कारभार तेव्हा सर जिम रॅटक्लिफ यांच्या हाती आला होता आणि ते स्वतः मँचेस्टरच्या शेजारचे, लहानपणापासूनचे युनायटेडवाले. प्रेक्षकांनी निदर्शने केली. पुढच्या हंगामाच्या पासांचे दर वाढवताना १६ वर्षांखालील मुलांचे दर मात्र वाढवले नाहीत.

मुलांनो, हा हिशेब तुम्ही करा. आधीच्या कर्जाच्या ओझ्याखाली असलेला क्लब तेव्हा चालू खर्चासाठी दहा वर्षांच्या मुलाकडून मोठ्या माणसाचे तिकीट मागत होता. तोच क्लब आणखी २०० कोटी पौंड उभे करील तेव्हा ते कोण फेडील? तीन खांबांचे छत्र फेडणार नाही. लाख जागा आहेत म्हणून तिकीट स्वस्त होईल, असे एक मुलगी म्हणाली. तिचे गणित चांगले आहे आणि बाजारात माल वाढला की भाव उतरतो हे तिने वाणिज्यच्या पुस्तकात वाचले आहे. पण ज्यावर कर्ज आहे तो दुकानदार भाव उतरवत नाही. तो महागड्या खुर्च्या वाढवतो. काचेच्या खोल्या, जेवणावळी, कंपन्यांचे पाहुणे.

रेल्वेच्या कामगारांनी सुरू केलेल्या संघाच्या मैदानात कामगाराचा मुलगा बसू शकतो की नाही, एवढाच माझा प्रश्न आहे. ज्या दिवशी क्लब मुलाच्या तिकिटाचा दर पुढच्या वीस वर्षांसाठी लेखी देईल आणि कर्ज मालकांच्या खिशातून घेईल, त्या दिवशी मी त्या दहावीच्या मुलाबरोबर हात वर करीन. तोवर ८७ हजार पुष्कळ झाले. छप्पर नीट करा, गटारे साफ करा, बाके बदला.

स्पर्धेनंतर मी नववीच्या वर्गात नेहरू स्टेडियमची गोष्ट सांगितली. २५ डिसेंबर १९९७, भारत-श्रीलंका सामना. मी तेव्हा नवीन लागलेली शिक्षिका, नाताळची सुट्टी, घरात टीव्हीसमोर सारे शेजारी. तीन षटके झाली आणि खेळपट्टी धोकादायक म्हणून सामनाच रद्द! चेंडू कुठूनही उसळत होता. देशभर इंदूरचे हसू झाले. मिठाईवाल्यापासून टेम्पोवाल्यापर्यंत सगळ्यांची मान खाली. तेव्हा कुणी म्हणाले असते की पाडा हे स्टेडियम, तर लोकांनी माना डोलावल्या असत्या. पण त्याच मैदानावर ३१ मार्च २००१ रोजी ऑस्ट्रेलियाविरुद्ध सचिन तेंडुलकरने एकदिवसीय सामन्यांतील दहा हजार धावा पूर्ण केल्या. जगात पहिल्यांदा. मैदान तेच होते, नीट केलेले.

वर्गात शांतता झाली, मला वाटले पटले. मग शेवटच्या बाकावरून आवाज आला, "पण मॅडम, २००६ पासून तर सगळे सामने होळकर स्टेडियमवर होऊ लागले ना?" खरे आहे. मी एवढेच म्हणाले की होळकर स्टेडियमही आधीच्या उषाराजे मैदानावरच उभे आहे, कुठल्या शेतात नाही. त्याने मान हलवली, पण चेहऱ्यावरून त्याचे समाधान झालेले दिसले नाही.

ज्यांना माझे म्हणणे पटलेले नाही (आणि हात मोजले तर ते बहुसंख्य आहेत) त्यांनी आपले उत्तर एका पानात, मराठीत लिहून मराठीच्या बाईंकडे द्यावे. त्यातले सर्वांत चांगले पुढच्या अंकात याच जागी छापू. सहावी 'ब'च्या पालकांसाठी सूचना : जुन्या इमारतीचे कवेलू दिवाळीच्या सुट्टीत उतरवून नव्याने बसवायचे आहेत, तोवर वर्ग ग्रंथालयात भरेल.

आपली,
प्राचार्या